खाडीत उरलेला चिंचोका

आमचे हे नौदलात इंजिनवर होते. हृदयाचा व्हॉल्व्ह खराब झाला, ऑपरेशन झालं आणि मुदतीआधीच त्यांना घरी पाठवलं. नव्वद साल उलटल्यावर आम्ही सणसरला परत आलो. ट्रंक अजून ओसरीवरच होती, तेवढ्यात माझे सासरे, आबा, पारावर चार माणसांत बोलून आले, "पोरगं हरून आलं." पारावर बोललेला शब्द पारावरच माघारी घ्यायचा, अशी आमच्याकडची रीत. आणि आबा काही शब्द माघारी घेणाऱ्यांतले नव्हते. मला असा संताप आला, की त्या दिवशी मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

उसाची कामं ह्यांना झेपणार नव्हती. नुसतं बसून माणूस कुढायला लागतो. मग ह्यांनी बारामतीहून प्लायवूडची फळी आणली, तिच्यावर किनारा, खाडी, किल्ला काढला, समुद्रात चौकोन आखले. जुन्या काळातल्या लढाईचा खेळ. एकीकडे मराठ्यांची छोटी गलबतं, दुसरीकडे इंग्रजांची मोठी जहाजं. गलबतं म्हणजे चिंचोके. जहाजं म्हणजे ह्यांच्या गणवेशाची पितळी बटणं. ती मीच उसवून दिली, आणि उसवताना माझे डोळे भरून आले. वारा कुणाच्या बाजूनं, ते फासा टाकून ठरायचं.

आबा आधी लांबूनच बघायचे. मग एकदा बसले ते बटणांच्या बाजूनं, आणि त्यानंतर कायम तिथंच. चिंचोके माझ्याकडे, आणि नियम सांगायला हे. त्यांचं सगळं आयुष्य पाटाच्या पाण्यावर गेलेलं. पाणीवाटपाचं भांडण झालं की गाव त्यांना बोलवायचं. फासा उलटा पडला की ते हुज्जत घालायचे, "मगाशी वारा तुला गेला. आता माजी पाळी."

"आबा, वाऱ्याला पाळी नसते," हे म्हणायचे.

"का नसती? पाण्याला हाय, लायटीला हाय, मग वाऱ्यालाच काय धाड भरलीय?"

मी तोंडाला पदर लावून हसायचे. ह्यांनाही हसू यायचं. त्या घरात बापलेक एकमेकांशी बोलायचे ते तेवढंच.

खेळाची अडचण वेगळीच होती. जास्त जहाजं बुडवील तो जिंकला, असा पहिला नियम. मोठ्या तोफांपुढे चिंचोके कसले टिकतात! दर डावाला मीच हरायची. "असलं खेळायचं तरी कशाला?" मी वैतागले. ह्यांनी ते मनावर घेतलं. नवा नियम केला, शेवटच्या फेरीला पावसाळा लागतो, समुद्र बंद होतो. तोवर खाडीत एक जरी गलबत उरलं, तरी मराठे जिंकले. आता उलटंच झालं. मी सगळे चिंचोके खाडीत दडवले आणि गप्प बसले. बटणं बाहेर नुसती घिरट्या घालत राहिली. "हाही खेळ नव्हे," हे म्हणाले. मग त्यांनी त्यात धान्य आणलं. बाहेर पडून धान्याचं एक गलबत किल्ल्याला लावायचंच, नाहीतर किल्ला उपाशी आणि डाव गेला. आता बसून भागेना. कधी मी जिंकायची, कधी आबा, आणि शेवटच्या फेरीपर्यंत काही सांगता यायचं नाही. ह्यांचा चेहरा किती दिवसांनी खुलला होता.

पण आबांना ते पटेना. "मार खायाचा, पळून घरात शिरायचं, आन् वर जिकलो म्हणायचं? ही कसली जीत?"

हे खाली मान घालून म्हणाले, "आबा, घरी परत येणं म्हणजे हार असती व्हय?"

आबा उठले आणि गोठ्यात गेले. हे मला म्हणाले, "त्यांनी एकदा चिंचोक्यांच्या बाजूनं खेळावं. बास, दुसरं काही नको मला." मी आबांना विनवलं, त्यांच्याशी भांडले. आबा बधले नाहीत.

त्या हिवाळ्यात ह्यांची तब्येत ढासळली. बारामतीच्या दवाखान्यात नेलं, तिथून हे परत आले नाहीत.

ह्यांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले. एका दुपारी आबा रानातून आले, पाय धुतले आणि म्हणाले, "सूनबाई, ती फळी काढ." आणि जाऊन चिंचोक्यांच्या बाजूला बसले.

मी बटणं घेतली. खरं सांगते, मला त्यांना बुडवायचंच होतं. धान्यासाठी त्यांनी गलबतं बाहेर काढली. फासा टाकला, वारा माझ्याकडे. पुन्हा टाकला, पुन्हा माझ्याकडेच.

"आता पाळी तुमची होती, आबा," मी टोचून बोलले.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "त्याच्याबी पाळीला वारा आलाच न्हाय."

माझा हात बटणावर तसाच थांबला. तरी मी सोडलं नाही. एकेक चिंचोका उचलत गेले. धान्याचं गलबत कसंबसं किल्ल्याला लागलं. शेवटच्या फेरीला खाडीत एकच चिंचोका राहिला होता.

"पावसाळा लागला," मी म्हणाले. "आबा, तुम्ही जिंकलात."

आबांनी खाडीतल्या चिंचोक्यावर बोट ठेवलं. "घरी आलं हुतं गं माजं पोरगं," ते म्हणाले. "आन् मी त्याला हरला म्हणालो." एवढा मोठा माणूस माझ्यासमोर ढसाढसा रडला. मीही रडले.

मग त्यांनी तोंडावर पाणी मारलं, टोपी घातली, चपला पायात सरकवल्या.

"आबा, ह्या उन्हाचं कुठं निघालात?"

"पारावर जाऊन येतो," ते म्हणाले.

खाडीतला चिंचोका त्यांनी बरोबर नेला होता.