टाचेवरचा डाग

केदारखेड्याच्या शिवारात कुणाचं मेंढरू लंगडलं की आबारावाला बोलावणं यायचं. तो मेंढराचा पाय मांडीत धरायचा, कुठं दाबल्यावर ते अंग चोरतंय ते बघायचा आणि तिथं विळ्याची तापलेली पाठ टेकवायचा. चर्र आवाज व्हायचा, मेंढरू बोंबलायचं आणि काही दिवसांत कळपामागं चालायला लागायचं. सगळीच चालायची असं नव्हतं. पण न चाललेल्यांची आठवण कोण ठेवतो?

त्याचा स्वतःचा कळप होता. पीक निघालं की शेतकरी खतासाठी वावरात मेंढरं बसवून घ्यायचे. आज या गावाला, उद्या त्या. पोरगा सुग्रीव जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात लागलेला, त्याला मेंढराच्या मागं फिरायची लाज वाटायची. तेव्हा आबारावाचा पाय थांबला की कळप थांबला, हे घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

आधी बोटांत मुंग्या आल्या, मग तळव्यांत. चालताना जमून जायचं, पण दिवस मावळल्यावर आडवं झालं की तळव्याखाली निखारे पसरल्यागत आग व्हायची. घोंगडीचं टोक लागलं तरी जीव कळवळायचा. तांब्यावर तांब्या पाणी प्यायचा, लघवीला सारखा उठायचा. अंगातली बंडी खांद्यावरून ओघळायला लागली.

"शीर दबली तुमची, आबा," शेजारचा भुजंग म्हणाला. "माझ्या मेव्हण्याचं बराबर असंच झाल्तं. कमरेतून कळ निघाली ती कुल्ल्यातून थेट पोटरीत."

"माझी कंबर बिलकुल धड हाय. आन दोन्ही पायांत एकदम दबली व्हय शीर?"

"मंग वात असंल."

"वात तुझ्या तोंडाला झालाय."

बायको कडूबाई मधी पडली. "अव्हो, एकदा रगत तपासून घ्या की."

"घेतो. तवर मेंढरं तुझ्या माह्यारी बांधू का?"

एका संध्याकाळी त्यानं चुलीत विळा घातला. मेंढराला जे लागू पडतं ते माणसाला का नाही पडणार? भुजंगाच्या देखत त्यानं लाल झालेली पाठ स्वतःच्या टाचेवर दाबली. कातडं जळाल्याचा वास आला. आबारावाच्या तोंडावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"मानूस हाय का धोंडा!" भुजंगानं पारावर जाऊन सांगितलं. "हललाबी न्हाई म्हातारा!"

आबारावालाही ते बरं वाटलं. त्यात तळव्यांची आग कमी होत गेली आणि एक दिवस थांबलीच. "बघ, शीर मोकळी झाली," तो कडूबाईला म्हणाला. पायातली चप्पल वावराच्या धुऱ्यावर न कळत निसटून पडली आणि तो तसाच सराट्यांच्या काट्यांतून चालत घरी आला, तेव्हा ती दोघं हसली होती.

मग कडूबाईला त्याच्या टाचेवर माश्या बसलेल्या दिसल्या. डाग काळा पडून आत खोल गेला होता. तिनं हळद भरली, तर त्यातून घाण वास यायला लागला. तिनं सुग्रीवला फोन लावला. "जल्दी ये. तुझा बा आयकून न्हाई राह्यला."

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. साखर कितीतरी चढलेली. मग त्यांनी त्याला डोळे मिटायला लावले. "बाबा, मी पायाला बारीक दोरा टेकवते. लागला की हो म्हणा."

आबाराव डोळे मिटून वाट बघत राहिला. वाट बघून कंटाळला. "लावा की बाई! कवाचा बसून राह्यलो."

सुग्रीवनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"सगळीकडं लावून झालं, बाबा," बाई म्हणाल्या.

त्यांनी सोबत आलेल्या कडूबाईलाच समजावलं. कमरेतून एका पायात उतरते ती कळ निराळी. दोन्ही तळव्यांत बराबर मुंग्या, आग, ती साखरेची. ती थांबली ती पाय बरे झाले म्हणून नाही; शिरा मेल्या म्हणून. आता जखम हाडापर्यंत पोचलीय. पाय राहतो का, तेच बघायचं. जमिनीला टाच टेकवायची नाही.

"मंग मेंढरं?" आबारावानं विचारलं.

सुग्रीव फोन घेऊन बाहेर गेला. पुढच्या आठवड्यात परतूरचा व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि कळप भरून घेऊन गेला.

आता सकाळी कडूबाई हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून जखम धुते. आबाराव खाटेवर बसून आपल्याच पायाकडं दुसऱ्याचा असल्यागत बघतो. "दुखलं तर सांगा," ती सवयीनं म्हणून जाते. मग तो पायाकडं बघायचं सोडून तिच्या तोंडाकडं बघतो. तिनं दात आवळले की त्याला कळतं, आज जखम वाढलीय.