सासूबाईंच्या गळ्यातला पाव

इस्त्रीकाकूंच्या कोंबडीला सगळी गल्ली सासूबाई म्हणायची, आणि ते नाव तिने स्वतःच्या हिमतीवर कमावलं होतं. कपडे टाकायला आलेल्या माणसाच्या पायाला चोच मारल्याशिवाय ती कुणाला उंबरा ओलांडू देत नसे. अंडी द्यायचं तिने कधीच सोडलं होतं. रुबाब तेवढा सोडला नव्हता. म्हणून शेजारचा बेकरीवाला चादरींचा गठ्ठा घेऊन आत आला आणि त्याच्या पायाला कुणी शिवलंही नाही, तेव्हा काकूंनी इस्त्री उभी केली आणि त्या मागच्या अंगणात गेल्या.

सासूबाई नळापाशी पिसं फुगवून, शेपूट खाली टाकून बसली होती. तुरा फिका पडलेला. काकूंनी तिला उचललं तर छातीचं हाड थेट बोटाला टोचलं. वरून एवढी गुबगुबीत दिसणारी बाई पिसांच्या आत निम्मी झाली होती.

"वय झालं तिचं, काकू," दारातून बेकरीवाला म्हणाला. "आता सूप करून मोकळ्या व्हा."

काकूंचं पित्त खवळलं. संध्याकाळी फोनवर नणंदेनेही तेच ऐकवलं, तेव्हा त्यांनी नणंदेला फैलावर घेतलं. वय झालं म्हणजे काय झालं? पोट बिघडलं, की ताप आला, की पाय दुखतोय? वय झालं म्हटलं की लोकांना पुढे बघावंच लागत नाही, याचा त्यांना संताप होता. कॉलरवरचा चहाचा डाग ज्यांना दारातूनच दिसायचा, त्या काकूंना न बघता बोलणारी माणसं मुळीच सोसत नसत. त्यांचा नवरा, पूर्वी ट्रक चालवणारा, आता घरीच असलेला, हे सगळं ऐकत बाजूला बसला होता. तसाही तो कमीच बोलायचा.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून काकू कोंबडीला कपड्यांच्या टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी कोंबडीच्या गळ्याखालची पिशवी चाचपली आणि काकूंचा हात धरून तिथे लावला. आत भिजल्या कणकेसारखा गोळा लागत होता. बाईंनी नळीने थोडं बाहेर काढून पाहिलं.

"पाव आहे. म्हाताऱ्या कोंबडीच्या पिशवीतून तो खाली सरकत नाही, तिथेच आंबतो. कोण घालतंय हिला एवढा पाव? हे थांबलं नाही तर ती जगणार नाही."

औषध मिळालं, पिशवी कशी चोळायची ते कळलं, आणि सासूबाईची रवानगी अंगणात भिंतीलगतच्या लाकडी खोक्यात झाली. काकू तडक बेकरीत गेल्या. गिऱ्हाइकं उभी असताना त्यांनी बेकरीवाल्याची खरडपट्टी काढली. कालचे उरलेले पाव भिंतीवरून कोण फेकतं, हे काय कुणाला कळत नाही? बेकरीवाल्याने पोरांची शपथ घेतली. काकूंनी ती उडवून लावली. मग त्यानेही आवाज चढवला आणि आपल्या चादरी परत नेल्या. नेऊ देत, काकू म्हणाल्या, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

पण खोक्यात कोंडूनही सकाळी पिशवी भरलेलीच. आता मात्र काकू हट्टाला पेटल्या. दुपारी नवऱ्याचं ताट नेहमीसारखं अंगणात नेऊन ठेवलं, आत येऊन दुकानाचं दार मुद्दाम आपटलं, आणि बाजूच्या बोळातून परत येऊन त्या वाळत घातलेल्या चादरींमागे उभ्या राहिल्या. भिंतीवरून हात आला की तो धरायचाच.

भिंतीवरून काही आलं नाही. नवऱ्याने दाराकडे एकदा पाहिलं, पावाचा तुकडा रश्शात बुडवला आणि खोक्याच्या फटीतून आत सरकवला. मग दुसरा. अर्धं ताट रिकामं होईपर्यंत तो हेच करत होता.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चादर बाजूला सारून त्या पुढे आल्या.

"तुम्ही? ती मरायला टेकलीय, मी गावभर भांडत फिरतेय, आणि तुम्ही तिला हे घालताय?"

तो दचकला. बोटांवरून रस्सा ओघळत होता.

"टाकून दिलं असतं तर तुला दिसलं असतं," तो म्हणाला. "मला गिळवत नाही गं."

काकूंची नजर त्याच्या कमरेवर गेली. त्याच्या पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलेलं होतं. ते त्यांनी इस्त्रीसाठी पँटचा पट्टा काढताना पाहिलं होतं, आणि पोट उतरलं म्हणून त्याचं कौतुकही केलं होतं.

त्यांनी इस्त्रीची पिन काढली आणि त्याला तसंच दवाखान्यात नेलं. वाटेत त्या अखंड बोलत होत्या. लाज कसली वाटली, कोंबडी जाता जाता राहिली, त्या बिचाऱ्या बेकरीवाल्याला काय तोंड दाखवू? नवरा मान खाली घालून चालत होता.

डॉक्टरांनी काकूंकडे बघूनच विचारायला सुरुवात केली. आधी कोरडं अडकायला लागलं की ओलंसुद्धा? पाणी उतरतं का? वजन किती घटलं? रात्री खोकला येतो का? काकूंना एकाचंही उत्तर येईना. सासूबाईची शी कुठल्या रंगाची होती, ते त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या.

उत्तरं नवऱ्यानेच दिली. आधी मटण अडकायचं, मग पाव, आता भातसुद्धा. पाणी जातं, पण हळू. त्याने सगळं एका सुरात, क्रमाने सांगितलं, रस्ता सांगावा तसं.

"एवढं सगळं कळत होतं," काकू भडकून म्हणाल्या, "तर घरात एका शब्दाने बोलायचं नाही?"

"बोललो होतो," तो म्हणाला. "दोनदा. तू म्हणालीस, नीट चावून खा."

डॉक्टर तपासणीचा कागद लिहू लागले. काकूंनी नवऱ्याच्या शर्टाची कॉलर सारखी करायला हात नेला. कॉलर आणि मान यांच्यामध्ये त्यांची चार बोटं सहज मावली.