मेसॉनचा आडोसा

बाळांनो, बिराजदार सरांची मान होकाराला आणि नकाराला एकाच दिशेने हलायची. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, ते भौतिकशास्त्र. भर मे महिन्यात कुणी स्टाफरूममधला पंखा बंद करा म्हटलं, तर "बरोबर आहे की!" दुसऱ्याने चालू ठेवा म्हटलं, तर "तेही बरोबर आहे की!"

त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा. परदेशातल्या कोलायडरच्या, म्हणजे कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्राच्या, प्रयोगात त्यांचं नाव होतं, शेकडो नावांतलं एक. मेसॉन नावाच्या अतिसूक्ष्म कणांची एक जात असते. जन्म आणि मरण यांमधल्या निमिषभरात तो कण आपलाच प्रतिकण, म्हणजे आपलंच उलटं रूप होतो, मग पुन्हा कण. हे हेलकावे मोजायचे, तर तो जन्मताना काय होता आणि मरताना काय झाला, हे दोन्ही कळावं लागतं. जन्माची खूण त्याच्या जोडीने जन्मलेल्या कणाकडून मिळते. सर हे सांगत मात्र सुरेख. एकदा त्यांच्या घरी जेवताना हे ऐकून त्यांच्या बायकोने, महादेवीने, माझ्या ताटात कडक भाकरी वाढत म्हटलं, "यांचे हेलकावे मोजायला मशीन कशाला? मी हाय की!" सर हसले. ती हसली नाही.

सुजाता चिलका ही त्यांचीच विद्यार्थिनी. वडील यंत्रमागावर. कोलायडरहून आलेल्या माहितीतून ती मेसॉनच्या जोड्या हुडकायची, कितीदा तरी सरांच्याच घरी बसून, महादेवीच्या हातचं खाऊन. कॉलेजातून एकाला सहा महिने तिकडे जायची संधी आली. "सुजाता, तूच जाणार. माझा शब्द!" असं सर माझ्यासमोर म्हणाले. पोरीने पासपोर्ट काढला.

निवड समितीत प्राचार्य, सर आणि मी. प्राचार्यांना संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या पाठवायचा होता. मी सुजाताचं नाव घेतलं. सर म्हणाले, "पुतण्याही हुशार आहे की, साहेब." संपलं. दोन विरुद्ध एक.

"सर, तुम्ही तिला शब्द दिला होता."

"तेव्हाची अवस्था वेगळी होती, मॅडम. निसर्गातच दोलन आहे, तिथे आमचं काय?" आणि हा इसम हसला.

"मेसॉनने कुणाला शब्द दिलेला नसतो," मी म्हणाले.

पुतण्या फोटो काढून मुदतीआधीच परतला. सुजाता हैदराबादला कुठल्याशा कंपनीत गेली. मेसॉनचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

गेल्या वर्षी सर वारले. शोकसभेत जो तो म्हणाला, "सर्वांना सांभाळून घेणारा माणूस." भित्र्या माणसाला आपल्याकडे मेल्यावर हेच म्हणतात. मी बोलायला उठले नाही. नंतर महादेवीला भेटायला गेले.

"त्या चिलकांच्या पोरीला कळवलं होतं का, मॅडम?"

"मीच फोन केला होता."

"आली न्हाय?"

"नाही."

"बरं केलं तिनं," महादेवी म्हणाली.