वसंतअण्णांचा तक्ता

"सोळा रुपये बहात्तर पैसे!" चेअरमन अप्पासाहेबांनी माझी प्रिंट टेबलावर आपटली. "दर हप्त्याला एवढं कमी घेत बसलोय काय आम्ही, इतकी वर्षं?"

समोर वसंतअण्णा उभे होते. हुबळीच्या बाजारातल्या एका पतसोसायटीचे जुने मॅनेजर. महिनाअखेर रिटायर होणार होते. त्यांनी हाताने बनवलेल्या तक्त्यात पन्नास हजारांच्या कर्जाला, बारा टक्क्यांनी छत्तीस महिन्यांसाठी, हप्ता होता १६४४ रुपये. माझं वेबपेज दाखवत होतं १६६०.७२.

"परवा कमिटीपुढे सांगा, कुठं चुकलं ते," अप्पासाहेब त्यांना म्हणाले. अण्णा एवढंच म्हणाले, "चुकलं नाही हो अप्पा." पण आवाज पडला होता.

मला, खरं सांगायचं तर, थोडा आनंदच झाला होता. मी धारवाडच्या मळमड्डीतून रोज बसने हुबळीला जाणारी नवी प्रोग्रामर; सोसायटीसाठी हप्ते काढणारं पेज करायचं काम मला मिळालं होतं. पेज एएसपी डॉट नेटमध्ये लिहिलं होतं. म्हणजे कर्जाची रक्कम पेजवर भरायची, हिशोब सर्व्हरवर होतो, ब्राउझरला तयार उत्तर येतं. आणि हिशोबाचं सूत्रही मला लिहावं लागलं नव्हतं. Pmt नावाचं फंक्शन प्रोग्रामिंगच्या भाषेतच तयार मिळतं. महिन्याचा व्याजदर, हप्त्यांची संख्या आणि रक्कम दिली की हप्ता हजर. तयार फंक्शन चुकेल कसं? चुकले असतील तर अण्णाच, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी काउंटरजवळ बसून डेटा भरत होते. कलघटगीच्या एक बाई शिलाई मशिनांसाठी कर्ज घ्यायला आल्या होत्या. पन्नास हजारच. अण्णांनी नोटा दिल्या. बाईंनी त्या कपाळाला लावल्या, आणि त्यातलेच १६४४ मोजून तिथल्या तिथे परत दिले.

"हे कसले पैसे, अण्णा?" मी विचारलं.

"पहिला हप्ता. उंबरा ओलांडायच्या आत भरायचा, सुरुवातीपासूनची पद्धत हाय आमची. सवय लागते बघ माणसाला."

"मग व्याज?"

"परत आलेल्या पैशावर व्याज कसं लावायचं, अक्का? अठ्ठेचाळीस हजार तीनशे छप्पन्नावरच लावायचं की!"

मी डेटा भरणं सोडून पेजचा कोड उघडला. Pmt ला शेवटी आणखी एक आकडा देता येतो. हप्ता महिन्याच्या शेवटी असेल तर शून्य, सुरुवातीलाच असेल तर एक. काही दिलं नाही तर ते गुपचूप शून्य धरतं. मी काही दिलं नव्हतं. त्या शून्याच्या जागी एक घातला. पेजवर आलं, १६४४.२७. वरचे पैसे अण्णांनी तक्त्यात सोडून दिले होते.

मी थेट अप्पासाहेबांची केबिन गाठली. "चूक माझी आहे. अण्णांचा तक्ता बरोबर आहे."

त्यांनी नव्या प्रिंटवरचा आकडा तक्त्याशी बोटाने ताडून पाहिला. "म्हणजे अण्णा बरोबर, कंप्यूटर चूक?"

"कंप्यूटरला मी विचारलंच चुकीचं."

"मग हे कमिटीपुढं तूच सांगायचं."

सांगितलं. लाज वाटली, पण अण्णांची मान वर झालेली दिसली आणि बरं वाटलं. मीटिंग संपल्यावर ते म्हणाले, "सगळ्या रकमांची प्रिंट काढून दे मला."

पेन्सिल घेऊन त्यांनी दोन दिवस माझा एकेक आकडा त्यांच्या तक्त्याशी ताडला. पेज सुरू झालं, आजूबाजूच्या दोन सोसायट्यांचं कामही त्यावरून मला मिळालं. तेव्हापासून नव्या ऑफिसात गेले की आधी काउंटरजवळ बसते, कीबोर्डला नंतर हात लावते. फंक्शन तयार मिळतं, ऑफिसची रीत मिळत नाही.

ती प्रिंट अजून माझ्याकडे आहे. खाली अण्णांची सही आणि दोन शब्द: "तपासले. बरोबर."