लाल गाडीचं माप

गाडी घरात आली त्या दिवशी ती कापड कापता कापता बाहेर आली, आणि हातातली कात्री तिनं खाली ठेवली नाही. बुटकी, लाल, दोनच माणसांची गाडी. नवरा शेजारी असा उभा, जणू आत्ताच बोहल्यावरून उतरलाय.

"जुनी आहे, पण स्पोर्ट्स कार आहे," तो म्हणाला.

"आणि मी मागं कुठं बसायचं?"

"मागं नाहीच. तू पुढं."

हे त्यानं प्रेमानं म्हटलं होतं. पण अकरा वर्षांत ती त्या पुढच्या सीटवर बसली कमी आणि उतरून ढकलत राहिली जास्त.

एरवी माणूस सरळ. ऑफिसात नकाशे काढायचा. दारू नाही, पत्ते नाहीत. घरी आला की चहा, आणि चहा झाला की गॅरेज. ती पुढच्या खोलीत लोकांचे कपडे शिवायची. मधली भिंत पातळ. त्यामुळे गाडीचं सगळं दुखणंखुपणं तिच्या कानांवरून गेलं. इंजिन तापलं की पाण्याची खदखद, क्लच दाबला की म्हाताऱ्या गुडघ्यासारखी कुरकुर, आणि मग मिस्तरीचं ठरलेलं वाक्य: "वहिनी, छोटंसं काम आहे."

छोटंसं काम म्हणजे काय, ते तिला पाठ झालं होतं. एक रबरी रिंग, किंमत दोन कप चहाची. पण तिच्यापर्यंत हात पोचायला अर्धं इंजिन उतरवायचं, आणि त्याची मजुरी महिन्याच्या किराण्याएवढी. सुटा भाग इथं मिळायचा नाही. परदेशातून सहा आठवड्यांनी यायचा, आणि डाव्याच्या जागी उजवा यायचा. बटण दाबलं की बॉनेटमधून दिवे वर उठायचे. उजवा पूर्ण उठे, डावा अर्ध्यावर अडे.

"डोळा मारतेय बघ," नवरा म्हणे.

"तुम्हाला मारत असेल. मला वाकुल्या दाखवते."

यंदा मात्र तिच्या हाताशी काहीतरी आलं. एका इस्पितळाच्या पडद्यांचं आणि चादरींचं काम, वर्षभराचं. अट एवढीच, की कापड पसरून कापता येईल असं लांब टेबल हवं. सोमवारी त्यांचा माणूस जागा बघायला येणार होता. टेबल मावेल अशी जागा घरात एकच होती, आणि तिथं गाडी उभी होती.

"विकतो," नवरा म्हणाला. तीन दिवस उपाशी असल्यासारखा चेहरा करून म्हणाला, पण म्हणाला.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. दातांचा डॉक्टर, तरुण, नखं स्वच्छ कापलेली. गाडी त्या दिवशी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. डावा दिवासुद्धा पूर्ण उठला. द्वाड कुठली, ती मनात म्हणाली. डॉक्टर खूश. किंमत ठरली, नवरा कागद आणायला आत गेला. ती चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"काकू, त्रास नाही ना देत फारसा?" डॉक्टरनं सहज विचारलं.

नाही म्हणायचं होतं. एक शब्द. टेबल, पडदे, सोमवार, सगळं त्या शब्दापलीकडे उभं होतं. पण अकरा वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

"त्रास?" तिनं ट्रे बॉनेटवर ठेवला. "रेडिएटर दोनदा बदललाय. हेड गॅस्केट गेलं तेव्हा इंजिन दीड महिना जमिनीवर होतं, माझ्या इस्त्रीच्या चादरीवर. ऑइल गळतं. एका जागी थांबवलं की दुसरीकडून गळतं. क्लच थंडीत बरा, उन्हात बसतो. छपरातून पाणी येतं, ते बरोबर माझ्या मांडीवर. आणि हे बघा."

ब्लाउजला लावलेलं टाचण्या उचलायचं चुंबक तिनं काढलं आणि गाडीच्या दाराला वरच्या बाजूला टेकवलं. खट्‌कन चिकटलं. मग दाराखालच्या पट्टीला लावलं. चुंबक घसरून तिच्या पायाशी पडलं.

"खाली पत्राच नाही. गंजून गेला. भोकांत पुट्टी भरून वर रंग फासलाय."

डॉक्टर वाकून बघत राहिला. "पोकळ दातात आम्हीही भरतो," तो हळूच म्हणाला, "पण ते दातात." चहा त्यानं अर्धाच प्यायला. "घरी विचारून कळवतो, काकू."

फाटक वाजलं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि धोंडा लाल रंगाचा. वळली तर दारात नवरा, हातात कागदांची फाइल. आता फुटेल, असं तिला वाटलं.

"रेडिएटर तीनदा बदललाय," तो म्हणाला.

"दोनदा. तिसऱ्यांदा नुसता झाळून घेतला होता."

त्यानं विचार केला. "हो. बरोबर." फाइल मिटत म्हणाला, "मला वाटायचं, तुझं लक्ष नसतं."

"लक्ष कुणाला द्यायचंय? भिंत पातळ आहे."

तो गाडीत बसला. किल्ली फिरवली. गाडी ढिम्म. उतरून त्यानं हँडब्रेक सोडला.

"लाव हात."

"कुठं?"

"बाहेर, भिंतीकडेला. उद्या तुझा माणूस येणार ना?"

दोघांनी ढकलली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं मनापासून ढकलली. गॅरेज रिकामं झालं. जमिनीवर ऑइलचा काळा डाग तेवढा राहिला, आणि त्या डागापासून भिंतीपर्यंत तिनं पावलं मोजली. टेबल बसत होतं.

बाहेर येऊन बघते तर नवरा गाडीच्या छपरावर हात ठेवून आभाळाकडे बघतोय. तिचं डोकं पुन्हा तापलं. पाऊस येणार, छप्पर गळणार, सीट कुजणार, तारा जळणार, आणि मिस्तरी येणार छोटंसं काम घेऊन.

तिनं गळ्यातली टेप काढली. "धरा हे टोक. गाडीच्या नाकाशी. ओढू नका हो, सैल धरा."

तो वाकला. "खोळीला लाल कापड घेशील?"

"पडद्यांतून जे उरेल ते."