नाक तुटके, हसू नये

अक्का कुठलीही गोष्ट आधी हातात घ्यायच्या, मग तिच्याबद्दल बोलायच्या. दारावर आलेली मेथीची जुडी असो, नाहीतर नवा भाडेकरू असो. राजाजीनगरातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला बघायला आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला, मधल्या बोटावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "लिहितेस खूप. टीचर काय?" इकडे कानडी मुलखात येण्याआधी मी पुण्यात आठ वर्षं शाळेत शिकवत होते. मग त्यांनी इराचा, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचा, हात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. "हिचा हात गार आहे गं," एवढंच म्हणाल्या. त्या पोरीचे हात भीतीनं गार पडतात, हे शाळेत कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

इराला अक्षरं येत होती. पण मोठ्यानं वाच म्हटलं की ती अडायची, एका ओळीवरून दुसरीवर घसरायची. एकदा वर्गात सगळे हसले. त्यानंतर सकाळी बस यायची वेळ झाली की ही बाथरूममध्ये ओकत असायची. शेवटी जूनमध्ये आम्ही तिला घरीच शिकवायचं ठरवलं आणि मारतहळ्ळीचा फ्लॅट सोडून मंदारच्या ऑफिसजवळ राहायला आलो. मंदार, माझा नवरा, माणूस भला, पण त्याला प्रत्येक गोष्टीची तारीख लागते. "दिवाळीपर्यंत बघू," तो म्हणाला. "तोवर एक पान मोठ्यानं वाचायला लागली तर ठीक. नाहीतर दिवाळीनंतर पुन्हा शाळा." इरा दाराआडून ऐकत होती. त्या दिवशी ती जेवली नाही.

आता मी मास्तरीण. घाबरले की तक्ते करते. इंटरनेटवर परदेशातल्या घरशाळा बघून मी शरद ऋतूचं वेळापत्रक बनवलं. रंगीत शाई, चौकटी, सगळं साग्रसंगीत. पहिलाच उपक्रम होता, गळलेली लाल-पिवळी पानं गोळा करून वहीत चिकटवणे. इरा पिशवी घेऊन दोन गल्ल्या फिरली आणि रिकामी परत आली. अक्का ओट्यावर बसल्या होत्या. "अय्यो, इथं पानं फेब्रुवारीत गळतात गं," त्या म्हणाल्या. "तुझ्या कागदाला ते ठाऊक नाही वाटतं. बा इरा, ये इकडे, खाली बुचाची फुलं पडलीत बघ." त्यांनी फुलांचे लांब देठ एकमेकांत गुंफून दोराशिवाय वेणी कशी करायची ते दाखवलं. फुलांकडे त्या बघतही नव्हत्या. बोटं आपली चालली होती. मी तक्ता घडी घालून ठेवून दिला.

अक्का इथल्याच. घराणं तीनशे वर्षांपूर्वी या मुलखात आलेलं, त्यामुळे मराठीत कानडी अशी मिसळलेली की वेगळी काढायला जावं तर वाक्यच तुटेल. लग्न केलं नव्हतं. एका कारखान्यात तीस वर्षं यंत्रांचे नकाशे काढले. अक्षर छापल्यासारखं. गल्लीतले झाडून सगळे त्यांना अक्काच म्हणायचे, आणि माझी पोर तर दुसऱ्याच दिवसापासून "ए अक्का" म्हणायला लागली. मी डोळे वटारले तर अक्काच म्हणाल्या, "राहू दे. अहो-जाहो केलं की मला ऑफिसात गेल्यासारखं वाटतं."

गणपती बोळवले आणि अक्कांनी माळ्यावरून तीन पत्र्याच्या पेट्या उतरवल्या. नवरात्रात त्यांच्याकडे पायऱ्या करून बाहुल्या मांडतात, त्या या पेट्यांत वर्षभर झोपलेल्या. प्रत्येक बाहुली जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली आणि प्रत्येकीबरोबर एक चिठ्ठी. बाहुली कोण, तिला काय झालंय, कुठल्या पायरीवर बसते, सगळं अक्कांच्या त्या सुबक अक्षरात. अक्कांनी पहिलं गाठोडं मांडीवर घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि चिठ्ठी इरापुढे धरली. "मला आज दिसत नाही नीट. तू सांग."

इराचे ओठ पांढरे झाले. मी मध्ये पडणार होते, पण अक्कांचा हात गाठोड्यावर इतका निवांत होता की मला धीर झाला नाही. पाच मिनिटं गेली असतील. मग पोरगी एकेक शब्द सुटा सुटा करत बोलली, "राजा. नाक. तुटके. हसू नये."

"कोण हसतं?" तिनं विचारलं.

"माझी धाकटी बहीण हसायची. म्हणून लिहून ठेवलं," अक्का म्हणाल्या, आणि लाकडी राजाला बाहेर काढून त्याच्या नाकावरून बोट फिरवलं.

तेव्हापासून रोज दुपारी दोन-तीन गाठोडी. इरा चुकली तर अक्का "चूक" म्हणायच्या नाहीत. "नाही गं, ही बाहुली तसली नाही. स्वल्प पुन्हा बघ," म्हणायच्या, जणू दोष बाहुलीच्या स्वभावाचा. एका चिठ्ठीला कधी पाव तास लागायचा. मला घड्याळाकडे बघवत नसे. अक्का म्हणायच्या, "सरी, असू दे. बाहुलीला कुठं ऑफिसला जायचंय?" मी आठ वर्षं वर्गात उभी राहिले, प्रशिक्षणं घेतली, पण हा थांबून राहण्याचा गुण मला कधी जमला नाही. घरी मी मंदारला सांगायचे, "काय नाटक करतात रे अक्का. चष्मा कपाळावर आणि म्हणे दिसत नाही. अशी शिक्षिका मी जन्मात पाहिली नाही." एकदा तर इराच्या पाठीमागून मी अक्कांना डोळा मारला. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मी मनात म्हटलं, कमाल आहे या बाईची.

दरवर्षी एक नवी बाहुली यायलाच हवी, असा त्यांच्याकडे नियम. म्हणून घटस्थापनेच्या आधी आम्ही तिघी बसनं शिवाजीनगरला, पुण्यातल्या नव्हे, इथल्या, गेलो. अक्का गर्दीत इराचा हात धरून चालत होत्या. दुकानात त्यांनी वीस बाहुल्या हाताळल्या आणि इराला म्हणाल्या, "निवड तू कर, चिठ्ठीही तूच लिही. मला आधी सांगायचं नाही." इरानं मातीची एक भाजीवाली घेतली. त्यानंतर ती वही छातीशी धरून घरभर फिरत होती, मला बघू देत नव्हती.

सरस्वतीपूजनाला घरातली पुस्तकं देवापुढे ठेवतात आणि ती उचलेपर्यंत कुणी वाचायचं नाही, लिहायचं नाही. अक्कांनी इराची सगळी पुस्तकं नेली. वर माझ्याकडे हात केला, "तुझे तक्ते पण आण." मी मुकाट्यानं दिले, त्यांनी त्यांनाही कुंकू लावलं. दसऱ्याच्या सकाळी मात्र प्रत्येकानं आपलं काहीतरी उचलून एक ओळ तरी मोठ्यानं वाचायची. मंदारही खाली आला होता. खुर्ची असून भिंतीला टेकून उभा राहिला. आज काय ते कळणार, हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही आणि इरालाही.

आधी अक्कांची पाळी. इरानं भाजीवालीची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. अक्कांनी कागदावरून बोटं फिरवली, उमटलेल्या पेनच्या रेघा चाचपल्या आणि हसल्या. "छान आहे. तूच वाच गं."

मला वाटलं, आज तरी लेकीचं कौतुक त्यांच्या तोंडून व्हावं. मी म्हटलं, "अक्का, आता पुरे नाटक. चष्मा लावा आणि वाचा की."

त्यांनी चष्मा लावला. कागद डोळ्यांसमोर धरला, मग थोडा बाजूला. मग खाली ठेवला. "दिसत नाही गं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. कडेकडेचं दिसतं, मधलं सगळं गेलं. अक्षर नाही, माणसाचं तोंड नाही. तुझं तोंड मी पाहिलेलंच नाही."

मी ज्या डोळ्यांना डोळा मारला होता, ते माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा बाजूला, बघत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तीस वर्षं केसाएवढ्या रेघा मारणारी बाई, तिचे डोळे गेले होते, आणि मी त्याला अभिनय समजून टाळ्या पिटत होते.

इरानं चिठ्ठी उचलली. "भाजीवाली. शिवाजीनगरहून बसनं आली. टोपलीत एक वांगं कमी आहे. शोधत बसू नये. दुसऱ्या पायरीवर ठेवणे, कारण तिथून तिला रस्ता दिसतो." एकदाही थांबली नाही. मग तिनं न सांगता राजाची चिठ्ठी घेतली, गवळणीची घेतली, वाचतच सुटली.

नंतर मी तिला जवळ घेऊन म्हटलं, "अक्कांना दिसत नाही हे तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवसापासून," ती म्हणाली. "म्हणून तर वाचत होते. नाहीतर तिला कोण सांगणार होतं?"

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मंदार कुठूनशी लाल मातीची दोन पोती घेऊन आला आणि इराबरोबर अंगणात किल्ला करायला बसला. शाळेचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. अक्कांनी बुरुज चाचपून एक वाकडा आहे म्हणून पाडायला लावला आणि उतारावर नाचणी पेरली. पाडव्यापर्यंत किल्ला हिरवागार झाला.

अक्का गेल्या श्रावणात गेल्या. शेवटपर्यंत इरा रोज दुपारी त्यांना वाचून दाखवत होती, पेपर, औषधांच्या बाटल्या, काय वाटेल ते. तीन पेट्या त्यांनी इराच्या नावानं ठेवल्या होत्या. यंदा नवरात्रात तिनं एकटीनं पायऱ्या मांडल्या. तेरा वर्षांची झाली आता, मला हात लावू दिला नाही. सगळ्यात वर राजा, दुसऱ्या पायरीवर भाजीवाली, आणि तिच्या शेजारी, बाहुलीच्या जागेवर, अक्कांचा चष्मा. यंदाची नवी वस्तू ती. दसऱ्याला तिनं चष्म्याची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "आई, मोठ्यानं वाच."

"अक्काचा चष्मा," मी सुरुवात केली. "यातून तिला..." आणि अक्षरं जागची हलायला लागली. इरा मांडीवर हात ठेवून बसली होती. "सरी," ती म्हणाली. "स्वल्प पुन्हा बघ."

मी डोळे पुसले आणि वाचलं. "अक्काचा चष्मा. यातून तिला दिसत नव्हते. हसू नये."