चिलगोजा आणि मगज

कळमन्याच्या घाऊक बाजारात माझ्याकडे माल घ्यायला येणारा माणूस आधी शेजारच्या दुकानात चौकशी करतो, "बाई आज कशा आहेत?" मी भांडखोर आहे, हे मला मान्य आहे. ओवा, धणे, बडीशेप, जवस आणि दिवाळीच्या तोंडावर सुका मेवा, असा माझा व्यापार. सुरुवात दुसऱ्याच्या ओट्यावर बसून धणे चाळण्यापासून केली. आज ओटा माझा आहे, चाळण्या माझ्या आहेत आणि चाळणाऱ्या बायकाही माझ्या हाताखाली आहेत. यातलं काही मला कुणी दिलेलं नाही, त्यामुळे सांगताना मी आवाज खाली आणत नाही.

मात्र एक गोष्ट माझ्याकडून काढून घेतली गेली होती, तीही सांगायला हवी.

अकरावीला मी सायन्समध्ये होते. एक दिवस वनस्पतिशास्त्राच्या सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, जिम्नोस्पर्म आणि अँजिओस्पर्म. म्हणाले, हे ग्रीकमधून आले आहेत, आणि भराभर पुढे निघाले. शब्दाच्या शेपटाला काय अर्थ आहे, ते त्यांनी सांगितलंच नाही. मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली, कारण ते शेपूट सगळ्यांना दुसरीकडून माहीत होतं. मला हसू आलं नाही. मला खरंच कळलं नव्हतं. मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, माणसातलं तेही स्पर्म अन् झाडाचंही स्पर्म, मग दोन्हीले एकच नाव काहून?"

वर्ग असा हसला की बाजूच्या वर्गातले सर डोकावून गेले. आमच्या सरांना वाटलं, मी मुद्दाम केलं. "मुलीच्या जातीनं असं बोलावं?" एवढं म्हणून त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावलं. वडील भांडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते मान खाली घालून ऐकत राहिले आणि घरी येऊन म्हणाले, "सायन्स राहू दे. आर्टला जाय." आर्टला मी गेले, पण मन लागलं नाही. तिथून माझा रस्ता चाळणीकडे वळला. चाळणीनं मला उभं केलं, हे खरं. म्हणून त्या सरांचे उपकार झाले, असं कुणी मला समजावायला येऊ नये. काहीजण येऊन गेले आहेत.

माझी मुलगी दुकानातल्या पोत्यांवर लहानाची मोठी झाली. चालायला लागली तशी मूठभर जवस उचलून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायला शिकली. आमच्या बाजारात याला वानगी म्हणतात. मालाची मूठ समोरच्याच्या तळहातावर ठेवायची आणि गप्प बसायचं. त्यानं हुंगावं, चोळावं, दाताखाली फोडावं. तोवर आपण एक शब्द बोलायचा नाही. जो आधी बोलला, त्याचा भाव पडला. माझ्यासारख्या बाईला हे गप्प बसणं शिकायला फार त्रास झाला, पोरीला मात्र उपजतच येत होतं.

बारावीनंतर ती म्हणाली, तिला वनस्पतिशास्त्रच करायचं आहे. मला तिला दुकानात बसवायचं होतं.

"अन् दुकान कोण पाहील?" मी विचारलं.

"तू आहेस ना. तुले कोण हलवते तिथून?"

"ठीक आहे. मले काय देशील?"

ती हसली. आमच्या घरात फुकट काही होत नाही, हे तिला ठाऊक होतं. "बोल, काय पाहिजे?"

मग मी तिला अकरावीचा तो तास सांगितला. घरात तोवर कुणाला सांगितला नव्हता. "शिकून मास्तरीण हो," मी म्हणाले, "अन् भरल्या वर्गात त्या प्रश्नाचं उत्तर दे. मोठ्यानं."

"आई, एका वाक्याचं उत्तर आहे. आत्ताच सांगतो तुले."

"घरी नको. घरातून मले कोणी हाकललं नव्हतं."

सौदा ठरला. ती बी.एस्सी. झाली, एम.एस्सी. झाली, बी.एड. झाली. तिची पुस्तकं घरभर पडलेली असायची, पण त्या धड्याचं पान मी कधी उघडलं नाही. ठरलेला माल ठरल्या जागीच घ्यायचा, मधल्या वाटेत पोत्याला भोक पाडायचं नाही.

पुढे ती तासिका तत्त्वावर या कॉलेजात, त्या कॉलेजात शिकवत राहिली. उन्हाळा आला की काम बंद, जूनमध्ये पुन्हा दारं ठोठावायची. यंदा एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्राची कायमची एक जागा निघाली. मे महिन्यात मुलाखत होती आणि मुलाखतीत वर्ग घेऊन दाखवायचा होता. विषय तिला आधीच कळवलेला होता: जिम्नोस्पर्म आणि अँजिओस्पर्म. तिनं मला सांगितलं तेव्हा मी हातातला तराजू खाली ठेवला.

आदल्या दिवशी दुपारी तिचा दुकानात फोन आला. "आई, चिलगोजा अन् मगज, दोन्हीच्या लहान लहान पुड्या बांधून ठेव. जिम्नोस्पर्म म्हणजे उघडं बी, अँजिओस्पर्म म्हणजे झाकलेलं बी. पुड्यांवर 'उघडं', 'झाकलेलं' असं लिहून देशील?"

"मी पोत्यांवर नावं लिहून राहिली तेव्हा तू जन्माले नव्हती," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

पुड्या मी स्वतः बांधल्या. चिलगोजा हा महाग मेवा, पाहुण्यापुढेही मी तो हात राखून ठेवते, पण त्या दिवशी राखला नाही. चिलगोजा लांबट, टणक टरफलात बंद असतो. त्या पुड्यांवर मी लिहिलं 'झाकलेलं'. मगज म्हणजे खरबुजाच्या सोललेल्या बिया, पांढऱ्याशुभ्र, अंगावर काही नाही. त्यांवर लिहिलं 'उघडं'. यात विचारण्यासारखं काय होतं?

मुलाखतीला मी तिच्यासोबत गेले. पिशवी धरायला, असं सांगून. हे माझं जुनं कॉलेज नव्हतं, पण व्हरांडे सगळीकडे सारखेच असतात. समोर वर्गाचं दार बंद. आत संस्थेचे सचिव, प्राचार्य मॅडम, वनस्पतिशास्त्राचे एक जुने प्राध्यापक आणि सुट्टीत बोलावून आणलेली काही मुलंमुली. खिडकीला कूलर लावलेला. त्याच्या घरघरीत आतलं काही ऐकू येईना. तिचा आवाज सुरू झाला एवढं कळलं, मग तोही थांबला.

मी वाट पाहिली. आवाज पुन्हा येईना. एवढा वेळ वर्गात शिक्षक गप्प राहतो का? ती अडकली, विसरली, असं माझ्या मनानं घेतलं.

आणि मग आत हसू फुटलं. सगळ्यांचं, एकदम.

ते हसू मी ओळखते. मी उठले आणि दाराच्या कडीला हात घातला. पाण्याची बादली घेऊन येणारा शिपाई धावत आला.

"काकू, आत मुलाखत चालू आहे."

"मुलाखत चालू आहे की तमाशा? सरक गा बाजूले."

"काकू, ताईंचंच नुकसान होईल. कूलरमध्ये पाणी टाकू द्या, मग मले काय बोलायचं ते बोला."

त्यानं हात आत घालून कूलर बंद केला. घरघर थांबली आणि माझ्या पोरीचा आवाज स्वच्छ बाहेर आला. घाबरलेला अजिबात नव्हता.

"सर म्हणतात ते बरोबर आहे, पुड्यांवर उलटं लिहिलंय," ती सांगत होती. "या माझ्या आईनं बांधल्यात. कळमन्यात तिचा बियांचा व्यापार आहे. तिच्या हिशोबानं सोललं ते उघडं. परीक्षेत तुम्हीपण हेच लिहिणार, म्हणून पुड्या बदलल्या नाहीत. आता पाहा. बी सोललेलं आहे का, हे विचारायचंच नाही. ते कुठं वाढलं, ते विचारायचं. मगज खरबुजाच्या पोटात वाढलं, साल आपण नंतर काढली. ते झाकलेलं. चिलगोजा पाइनच्या शंकूत, खवल्यावर वाढला. त्याच्याभोवती फळ कधी नव्हतंच. टरफल त्याचं स्वतःचं आहे. ते उघडं बी."

माझा हात कडीवरून सुटला.

आतून एक जड आवाज आला. तो सचिवांचा होता, हे मागून कळलं. "मॅडम, तुम्ही विषय समजावता चांगला. पण हा शब्द मुलामुलींच्या वर्गात असाच वापरणार? पालकांच्या तक्रारी येतात."

"सर, शब्दाचा अर्थ सांगितला नाही की मुलं हसतात. सांगितला की थांबतात." मग ती वर्गाकडे वळली असावी, कारण आवाज मोठा झाला. "ग्रीकमध्ये स्पर्मा म्हणजे पेरलेलं ते. बी. शेतात टाकतो तेही आणि शरीरातलंही. सूक्ष्मदर्शकातून शरीरातलं ते वळवळताना दिसलं, तेव्हा त्याला नाव पडलं स्पर्मॅटोझोआ, म्हणजे बीजातले जीव. बुरशीचा स्पोरही त्याच पेरण्यातून आला. आपल्या घरच्या ओव्याचं शास्त्रीय नाव ट्रॅकिस्पर्मम, खरखरीत बी. ओवा खाताना हसता का कोणी?"

कुणी हसलं नाही. शिपायानं बादली तशीच धरून ठेवली होती.

पेरलेलं ते. एवढंच होतं. एक वाक्य, तेही असं की आमच्या गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला समजलं असतं. ते सांगायला त्या सरांचं काय जात होतं? व्हरांड्यात उभ्या उभ्या माझा राग नव्यानं पेटला, आणि त्याच वेळी छाती अशी भरून आली की शिपाई म्हणाला, "काकू, पाणी पाहिजे का?"

ती बाहेर आली तशी मी विचारलं, "आधी गप्प काहून झाली होतीस?"

"वानगी ठेवली होती. सगळ्यांच्या हातावर. पाहू दिलं." मग तिनं डोळे वटारले. "अन् आई, पुड्या उलट्या लिहिल्या तू. त्या जुन्या सरांनी वाचून दाखवलं तसे सगळे हसले."

"सोललेलं उघडं नाही तर काय झाकलेलं? तुमच्या शास्त्रातच गडबड आहे."

"हो, शास्त्राले सांगतो मी."

"चिलगोजे परत आणले का?"

"सगळ्यांनी खाल्ले. सचिवांनी दोन पुड्या."

"मग जागा तुझीच आहे," मी म्हणाले. "वानगी खाऊन माल नाकारणारा मी अजून पाहिला नाही."

आणि जागा तिलाच मिळाली.

कॉलेज सुरू झाल्यावर एक दिवस दुपारी ऐन सौद्यात तिचा फोन आला. समोर उमरेडचा एक व्यापारी तळहातावर माझा ओवा घेऊन उभा होता. अशा वेळी मी फोन घेत नाही. घेतला.

"आई, आज तो तास झाला. एका मुलीनं विचारलं."

"काय?"

"तुझंच. दोन्हीले एकच नाव काहून. विचारताना उभी राहिली होती. मी म्हटलं, आधी बस खाली, मग सांगतो."

"अन् हसले पोरं?"

"दोघं हसले. उत्तर संपेपर्यंत थांबले."

मी फोन ठेवला. उमरेडवाला अजून ओवा चोळत होता. त्याला राहवलं नाही, तो आधी बोलला. "बाई, भाव बोला."

मी बोलले.

"काल तर कमी होता."

"काल होता," मी म्हणाले.